सिद्धांत आणि करण : वैज्ञानिक आज्ञावलीकाराची घडण

(विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जून महिना आला की या शहरातील घराघरांत एक प्रश्न फिरू लागतो. मुलीला गणिताची गोडी आहे, भौतिकशास्त्र तिला आवडते, संगणकावर तिचा हात बसलेला आहे; मग पुढे काय? उत्तर बहुधा ठरलेले असते. संगणक अभियांत्रिकी आणि त्यानंतर पुण्यातील वा बंगळुरूतील एखादी कंपनी. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही, ते बी.एस्सी.ला जातात आणि तेही मान खाली घालून. विज्ञान शिकायचे ते दुसरे काही जमले नाही म्हणून, अशी समजूत मध्यमवर्गीय घरांत कधी रुजली, हे सांगता येणे कठीण आहे. पण ती रुजली आहे, हे मान्य करावेच लागेल.

या समजुतीमुळे एक अख्खे कार्यक्षेत्र आपल्या नजरेतून निसटते. हवामानाचा अंदाज, औषधाच्या रेणूची रचना, उपग्रहाची कक्षा, मोटारीच्या सांगाड्याची मजबुती, दूरच्या कृष्णविवरांची टक्कर, हे सारे आज संगणकावर अभ्यासले जाते. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या बाजारातून आणलेल्या हिशेबाच्या आज्ञावल्यांसारख्या नसतात. त्या लिहिणाऱ्याला आधी विज्ञान कळावे लागते. असा आज्ञावलीकार कसा घडतो, त्याचे शिक्षण कसे होते आणि त्याच्या वाट्याला कसले आयुष्य येते, हा आजचा विषय आहे.

देवगिरीच्या छायेतील मठ

या विषयाची सुरुवात अमेरिकेतून करण्याचे कारण नाही. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणादेवीचे रान लागते. तेथील पाटण गावी एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादवांचे, सिंघण राजाच्या दरबारातले ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी येथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला दान मिळाले, अशी नोंद या शिलालेखात आहे.

भास्कराचार्यांचा जन्म 1114चा. 1150मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला आणि 1183मध्ये 'करणकुतूहल' रचला. या दोन ग्रंथांच्या नावांतच आजचा विषय सामावलेला आहे. सिद्धांतग्रंथात ग्रहगतीचे मूळ शास्त्र येते. करणग्रंथात त्या शास्त्रावरून प्रत्यक्ष गणित कसे करावे, याच्या क्रमवार कृती येतात. पंचांगकर्त्याने अमुक संख्या घ्यावी, तिला तमुकाने गुणावे, एवढ्याने भागावे, बाकी घ्यावी, म्हणजे आजचा ग्रह सापडतो. आजच्या भाषेत सिद्धांत म्हणजे विज्ञान आणि करण म्हणजे आज्ञावली.

करण रचणारा माणूस निव्वळ हिशेबनीस असून भागत नसे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला आणि त्यात ज्या-कोटिज्यांच्या कोष्टकांची कटकट टाळून सोप्या कृती दिल्या. किती सूट घेतली तर चूक किती होईल आणि ती चूक चालेल की नाही, हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच हे शक्य झाले. ही जाण सिद्धांत पचवल्याखेरीज येत नाही. आपले पूर्वज संगणक वापरत होते, असे यातून कोणी काढू नये. क्रमवार कृती रचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिचे मूळ शास्त्रात असते, एवढे त्यांना पुरते उमगले होते, इतकाच यातला बोध आहे.

याच भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धती घ्या. अशी कोणती पूर्ण संख्या आहे की, जिच्या वर्गाला 61ने गुणून 1 मिळवला असता पूर्ण वर्ग मिळतो? सर्वांत लहान उत्तर 22 कोटी 61 लाख 53 हजार 980. एकेक संख्या तपासत बसले तर जन्म सरेल. चक्रवाल पद्धतीत तीच कृती पुनःपुन्हा फिरवली की मोजक्या फेऱ्यांत हे उत्तर हाती येते. हाच प्रश्न फर्मा यांनी 1657मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला, त्याआधी पाचशे वर्षे तो इकडे सुटलेला होता.

यंत्र तक्रार करीत नाही

आता आजच्या काळात येऊ. एखाद्या विद्यार्थ्याने सूर्याभोवती पृथ्वी फिरवणारी छोटी आज्ञावली लिहायची ठरवली. न्यूटनचे गुरुत्वाकर्षणाचे सूत्र अकरावीच्या पुस्तकात आहे. आत्ताची जागा आणि वेग घ्यायचा, एका दिवसानंतरची जागा काढायची, मग पुढचा दिवस. ही सर्वांत सोपी रीत ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाते. आज्ञावली बिनतक्रार चालते, पडद्यावर पृथ्वी फिरू लागते. पण नीट पाहिले तर वर्ष संपल्यावर ती मूळ जागी परत येत नाही. तिची कक्षा हळूहळू रुंदावत जाते आणि काही काळाने पृथ्वी सूर्यापासून दूर निघून जाते.

चूक कुठे आहे? भाषेत नाही, टंकलेखनात नाही. संगणकाने एकही आक्षेप घेतलेला नाही. ज्याने केवळ संगणकाची भाषा शिकली आहे, त्याला हे चित्र सुंदरच वाटेल. ज्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक आहे, तो मात्र लगेच सावध होईल. पृथ्वीची एकूण ऊर्जा वाढते आहे आणि निसर्गात असे घडत नाही. मग तो रीत बदलेल. वेग आणि जागा अर्ध्या पावलाच्या अंतराने मोजण्याची एक जुनी रीत आहे. तिच्यात श्रम जवळजवळ तेवढेच, पण कक्षा टिकून राहते. वैज्ञानिक आज्ञावलीकार आणि सामान्य आज्ञावलीकार यांतील भेद या एका उदाहरणात दिसतो. यंत्र चूक सांगत नाही. ती विज्ञान सांगते.

अशा चुकीची किंमत केवढी असू शकते, तेही पाहावे. आखाती युद्धात 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रप्रणाली येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि 28 सैनिक प्राणास मुकले. चौकशीत आढळले ते असे. प्रणालीचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत होते. एक दशांश ही संख्या आपल्याला सोपी वाटते, पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती कधीच पूर्ण लिहिता येत नाही. शेपूट छाटावे लागते. ती प्रणाली सुमारे 100 तास अखंड चालू होती. छाटलेली शेपटे साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी चूक झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. छाटलेल्या अंशांचा हिशेब ठेवणे, हे 'ग्रहलाघव'कारांचेच काम. फक्त येथे त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

तीन मराठी माणसे

या क्षेत्रातील माणूस कसा घडतो, हे समजण्यासाठी तीन नावे पुरेशी आहेत.

पहिले नाव नरेंद्र करमरकर यांचे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्म. 1978मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पुढच्या वर्षी कॅल्टेकमधून पदव्युत्तर पदवी, 1983मध्ये बर्कले येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली संगणकशास्त्रात डॉक्टरेट. लगेच बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरी आणि 1984मध्ये जगभर गाजलेला शोध.

प्रश्न होता लिनिअर प्रोग्रॅमिंगचा. विमानकंपनीने कोणते विमान कुठे पाठवावे, तेलशुद्धीकरण कारखान्याने कोणते मिश्रण किती करावे, असे हजारो अटींचे प्रश्न यात येतात. 1947पासून जॉर्ज डँट्झिग यांची सिंप्लेक्स पद्धती त्यासाठी वापरली जात होती. आपल्या देवगिरीच्या किल्ल्याची कल्पना करा. सर्वांत उंच बुरूज गाठायचा आहे. सिंप्लेक्स पद्धती तटावरून एका बुरुजावरून दुसऱ्यावर असे चढत जाते. बहुतेक वेळा ती लवकर पोहोचते; पण बुरुजांची संख्या अफाट झाली आणि वाट वाकडी निघाली, तर फेरे संपत नाहीत. 1979मध्ये खाचियान यांनी दिलेली पद्धती कागदावर श्रेष्ठ होती, व्यवहारात मात्र संथ. करमरकरांनी तट सोडला आणि किल्ल्याच्या आतून वाट काढली. त्यांची रीत कागदावरही खरी ठरली आणि व्यवहारातही वेगवान. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पुढचा भाग तेवढाच बोधप्रद आहे. ही रीत आज्ञावलीत उतरवून एटी अँड टी कंपनीने 1988मध्ये 'कोरबेक्स' नावाची प्रणाली यंत्रासह विक्रीस काढली. किंमत सुमारे 89 लाख डॉलर. ग्राहक मोजकेच मिळाले. दरम्यान जगभरच्या गणितज्ञांनी ही कल्पना उचलली, तिचे जुन्या पद्धतींशी असलेले नाते दाखवले, सिंप्लेक्सवाल्यांनीही आपली पद्धती सुधारली. आज दोन्ही रीती एकाच आज्ञावलीत शेजारी शेजारी नांदतात. शोध एका माणसाचा असू शकतो. आज्ञावली मात्र अनेकांच्या हातांनी, अनेक वर्षांत पक्व होते. करमरकर पुढे भारतात परतले आणि 1998पासून काही वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते.

दुसरे नाव डॉ. श्रीधर गद्रे यांचे. त्यांची गोष्ट सांगण्यापूर्वी 'परम'ची आठवण करणे भाग आहे. 1980च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक देण्याचे नाकारले. 1988मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण नागपूर, बडोदा आणि दिल्ली येथे, म्हणजे संपूर्ण देशात झालेले. 1991मध्ये 'परम 8000' उभा राहिला. ही कथा आपण सर्वांनी अभिमानाने ऐकलेली आहे. तिचा पुढचा अध्याय मात्र फारसा कोणी सांगत नाही. यंत्र तयार झाले, पण त्यावर चालवायचे काय? अनेक छोटे संगणक एकाच वेळी जुंपणारे हे यंत्र होते आणि जुन्या आज्ञावल्या त्यावर जशाच्या तशा चालणाऱ्या नव्हत्या. काम वाटून देण्याची रीतच नव्याने रचावी लागणार होती.

पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हे आव्हान उचलले. रेणूतील इलेक्ट्रॉनांचे गणित करणारी 'इंडमोल' ही आज्ञावली त्यांनी 'परम'साठी लिहिली. ही मंडळी संगणक विभागातली नव्हती, रसायनशास्त्रातली होती. या गणितात एक मोठी अडचण असते. रेणू दुप्पट मोठा झाला की काम ढोबळमानाने सोळा पट होते. गद्रे यांच्या गटाने 1990च्या दशकात त्यावर जो उपाय पुढे आणला, त्याला नावच 'मॉलिक्युलर टेलरिंग' असे आहे. शिंपी कापड बेतून तुकडे करतो आणि पुन्हा जोडतो, तसे मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचे गणित वेगळे करायचे आणि उत्तरे शिवून घ्यायची. शिवण कुठे घातली म्हणजे वस्त्र बिघडणार नाही, हे रसायनशास्त्रज्ञालाच कळते. 1993मध्ये गद्रे यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

रसायनशास्त्रात आज्ञावली लिहिणाऱ्याचे मोल काय, असे कोणी विचारले तर 1998चे नोबेल पारितोषिक आठवावे. त्याचे एक मानकरी जॉन पोपल हे मूळचे गणितज्ञ. त्यांच्या गटाने 1970मध्ये तयार केलेली 'गाउसियन' ही आज्ञावली जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरली जाते. 2024च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्येही प्रथिनांची रचना संगणकावर ओळखणाऱ्यांचा आणि घडवणाऱ्यांचाच गौरव झाला.

तिसरे नाव डॉ. संजीव धुरंधर यांचे, आणि ते मराठवाड्याशी थेट जोडलेले आहे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत 1990च्या दशकाच्या आरंभी धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश गुरुत्वीय लहरींच्या गणिताला बसले. आइन्स्टाइन यांनी भाकीत केलेल्या या लहरी तोवर कोणालाही थेट सापडलेल्या नव्हत्या. त्या टिपू शकेल असे यंत्रही जगात नव्हते. प्रश्न असा होता की, उद्या यंत्र झाले तर त्याच्या अखंड गोंगाटातून ही क्षीण लहर ओळखायची कशी? यात्रेच्या गर्दीत आईला आपल्या लेकराची हाक ओळखू येते, कारण तो आवाज तिच्या मनात आधीच असतो. तसेच येथेही करायचे होते. कोणत्या वस्तुमानाचे तारे वा कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना कशी लहर उठेल, याचे नमुने आधी गणिताने काढून ठेवायचे आणि येणारी नोंद प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहायची. किती नमुने लागतील, ते किती अंतराने ठेवावेत म्हणजे लहर निसटणार नाही आणि संगणकावर अवाजवी भारही पडणार नाही, हे त्यांनी ठरवून दाखवले.

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील 'लायगो'च्या दोन्ही यंत्रांनी पहिली लहर टिपली. सुमारे 1.3 अब्ज प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती खूण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढीच टिकली. सुमारे अडीच लाख नमुन्यांशी नोंद ताडून त्या लहरीची खात्री पटवण्यात आली. गणित मांडल्यापासून फळ दिसेपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आज नोकरीत दोन वर्षे झाली की बढती का नाही, असे विचारणाऱ्या पिढीला हा काळ मोठा वाटेल. पण विज्ञानाच्या आज्ञावल्यांचे ऋतू असेच असतात.

मराठवाड्याच्या दारात

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान सर्वांना परिचित आहे. तेथेच 'लायगो-इंडिया' प्रकल्प साकारत आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक मोजणारी यंत्रणा. ती उभी राहील तेव्हा तिच्यातून दिवसरात्र नोंदींचा ओघ सुरू होईल. तो ओघ वाचणारी माणसे कुठून येणार? परभणी, नांदेड, संभाजीनगर येथील महाविद्यालयांत आज बाकावर बसलेले विद्यार्थी त्यांत असतील की नाही, हे आताच्या काही वर्षांत ठरणार आहे. प्रकल्पाच्या दारावर पहारेकरी आमचे आणि आत शास्त्रज्ञ बाहेरचे, असे होऊ नये.

दुसरा विषय पावसाचा. मराठवाड्यात त्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. 2016मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि 2025च्या सप्टेंबरमध्ये याच प्रदेशात पुराने उभी पिके वाहून नेली. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली 1988मध्ये 16 घटकांवर आधारलेले मोसमी पावसाचे प्रारूप तयार झाले आणि अनेक वर्षे ते वापरात होते. 2002मध्ये सरासरीच्या 101 टक्के पाऊस पडेल, असे भाकीत होते. पडला 81 टक्के. पुढच्या वर्षी हवामान खात्याने प्रारूप बदलले. यात कोणाची नाचक्की नाही. गणित निसर्गाशी ताडून पाहणे आणि जुळले नाही तर बदलणे, ही तर आपल्या पंचांगकर्त्यांचीही रीत होती.

आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक आहे. मे 2025मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' राष्ट्राला अर्पण झाली. वातावरणाचे चौकटींत तुकडे पाडून प्रत्येक चौकटीत वारा, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणे सोडवायची, अशी ही पद्धती. पूर्वीची चौकट 12 किलोमीटरची होती, ती 6 किलोमीटरवर आली. ऐकायला ही निम्म्याची बाब आहे. पण चौकट दोन दिशांनी निम्मी झाली की संख्या चौपट होते आणि गणित कोसळू नये म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम आठपट. त्यातून गंगापूर आणि पैठण यांच्या पावसातला फरक ओळखण्याची आशा निर्माण होते. पेरणी आज करावी की आठ दिवसांनी, हा निर्णय शेतकऱ्याच्या वर्षाचा निर्णय असतो. त्याच्या मागे कोणीतरी लिहिलेली आज्ञावली असते.

शिक्षणाची वाट

मग विद्यार्थ्याने करावे काय? पहिली गोष्ट, विज्ञानाची एक शाखा मनापासून धरावी. भौतिक, रसायन, जीव, भूगर्भ वा अभियांत्रिकीची एखादी शाखा, कोणतीही चालेल; पण ती खोलवर शिकावी. दुसरी गोष्ट गणित. कलन, रेषीय बीजगणित, विकलक समीकरणे आणि संख्याशास्त्र हे चार खांब. त्यांच्यावर संख्यात्मक विश्लेषण, म्हणजे समीकरण आकड्यांनी सोडवण्याचे आणि चूक मोजण्याचे शास्त्र. तिसरी गोष्ट आज्ञावलीची कारागिरी. सुरुवात पायथॉनने करावी, पुढे सी किंवा सी प्लस प्लस शिकावी आणि 1957साली जन्मलेल्या फोरट्रान भाषेला हसू नये, कारण हवामानाच्या कितीतरी आज्ञावल्या अजून तिच्यातच आहेत. लिनक्सची सवय, समांतर गणन, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आधी ठाऊक आहे त्यावर आज्ञावली पारखून घेणे, या गोष्टी अंगवळणी पडल्या पाहिजेत.

यासाठी परदेशी जावेच लागते, असे नाही. बी.एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. करता येते. पुण्याच्या आयसरमध्ये बारावीनंतरच जाता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सायंटिफिक कॉम्प्युटिंग, मॉडेलिंग अँड सिम्युलेशन या विषयांचा स्वतंत्र विभाग आहे. सी-डॅकचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. संभाजीनगरात 1958पासून विद्यापीठ आहे, 1960पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि केंद्र शासनाची 'नाइलिट' संस्थाही आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात अनेक मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीतून मिळतात, आणि तेही विनामूल्य. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याने तेथून आरंभ करावा. इंग्रजी मागाहून येते.

आता पालकांच्या मनातला प्रश्न : मिळकतीचे काय? येथे गोड बोलून चालणार नाही. पीएच.डी. करणाऱ्याला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023पासून दरमहा 37 हजार रुपये आहे. त्यानंतरची काही वर्षे प्रकल्पापुरत्या, मुदतीच्या नेमणुकांत जाऊ शकतात. कायम पदे मोजकी असतात. विद्यापीठांतून शोधनिबंधांची जेवढी मोजदाद होते तेवढी आज्ञावलीची होत नाही. दहा वर्षे जिचा उपयोग शेकडो जण करतात, ती लिहिणाऱ्याचे नाव अनेकदा तळटीपेत राहते. ही उणीव खरी आहे आणि ती दूर करण्याची जबाबदारी संस्थाचालकांची आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इस्रो, भाभा अणुसंशोधन केंद्र, हवामान खाते, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नारायणगावजवळची जीएमआरटी दुर्बीण, सी-डॅक, या सर्वांना अशी माणसे हवी आहेत. वाळूज आणि शेंद्रा येथील वाहन उद्योगाचेही तसेच आहे. गाडीचा सांगाडा प्रत्यक्ष आदळून पाहण्याआधी तो संगणकावर आदळून पाहिला जातो. शिवाय, आज संगणकच आज्ञावली लिहू लागला असताना नुसते संकेत टंकणाऱ्याचे काम कमी होत जाणार, ही चिंता घराघरांत आहे. यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीतही पृथ्वी सूर्यापासून दूर निघून जाऊ शकते. ते ओळखणारा माणूस लागणारच. ज्याचे विज्ञान पक्के, त्याची गरज सरत नाही.

म्हणून मुलीला विज्ञान आवडत असेल तर तिला मान वर करून बी.एस्सी.ला जाऊ द्यावे. पहिली काही वर्षे शेजारच्या मुलाच्या पगाराशी तिच्या अधिछात्रवृत्तीची तुलना करू नये. शिक्षकांनी एक करावे : प्रयोगशाळेच्या वहीत जसा प्रयोग असतो, तशी वर्षाकाठी एक छोटी आज्ञावली प्रत्येक विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावी आणि उत्तर बरोबर कशावरून, हे त्याला विचारावे. याला खर्च नाही. एक जुना संगणक पुरतो.

जाता जाता पुन्हा पाटणच्या मठाकडे वळू. भास्कराचार्यांचे ग्रंथ तर लिहून झालेले होते. मग नातवाला मठ का काढावासा वाटला? ग्रंथ पोथीत राहिला तरी तो समजून घेणारे, शिकवणारे, गणित करून पाहणारे विद्यार्थी पिढीमागून पिढी लागतात, नाहीतर उत्तम करणग्रंथही निकामी होतो, हे चांगदेवांनी जाणले होते. आज्ञावलीचेही तसेच आहे. 'परम'सारखे यंत्र एकदा उभारता येते. आज्ञावली समजणारी माणसे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घडवावी लागतात. आठशे वर्षांपूर्वी त्यासाठी देवगिरीच्या राज्यात मठ उभा राहिला. आज औंढा नागनाथच्या माळावर भुजा उभ्या राहतील, तेव्हा त्यांच्यातून येणारी नोंद वाचायला मराठवाड्याची मुले तयार असावीत, याची सिद्धता आपल्या घरांतून आणि आपल्या वर्गांतून व्हायला हवी.